दूध सुटलं, त्या जागी काय? व्हीगन होताना वजन आणि पोषण कसं सांभाळायचं

व्हीगन झाल्यावर, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून मिळणारं सगळं खाणं सोडल्यावर, पहिल्या सहा आठवड्यांत माझं वजन ६६ वरून ६२ किलोवर आलं. मी खूश होते. मैत्रिणी विचारायच्या, काय करतेस गं? मी सांगायचे, काही नाही, फक्त दूध-दही-तूप सोडलं. तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले आणि दोन जिने चढताना मांड्या थरथरायला लागल्या. तेव्हा वही घेऊन बसले आणि दिवसभरात पोटात काय जातं ते लिहून काढलं. दूध सुटलं होतं, पण त्या जागी काहीच आलं नव्हतं.

आपल्याकडचे बरेच जण आधीपासून शाकाहारी असतात, किंवा मांस-मासे आठवड्यातून एखाद-दोनदाच खातात. त्यामुळे आपल्यासाठी व्हीगन होणं म्हणजे मुख्यतः दूध सोडणं. परदेशी लेखांत मांसाऐवजी काय खावं याची चर्चा असते, ती आपल्या फारशी कामाची नाही. आपला प्रश्न चहा, दही, ताक आणि तुपाचा आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सोडण्याआधी हिशेब मांडा

एक दिवस नेहमीसारखं खा आणि दुधाचा प्रत्येक थेंब मोजा. माझा जुना दिवस असा होता: दोन चहांत मिळून १०० मिली दूध, जेवताना वाटीभर दही, रात्री कपभर दूध आणि वरणभात-पोळीवर मिळून दोन छोटे चमचे तूप. दूध-दही मिळून साधारण ४५० मिली झालं. गाईच्या दुधाच्या हिशेबाने यातून १४ ग्रॅम प्रथिनं, ५०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि सुमारे ३०० कॅलरी मिळत होत्या. तुपाच्या ९० धरल्या तर ३९०.

रोजच्या ३९० कॅलरी म्हणजे महिन्याला जवळजवळ १२ हजार. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. बाकी सगळं तसंच ठेवलं तर नुसतं दूध-तूप बंद केल्याने कागदावर महिन्याला दीड किलो उतरतं. प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही, कारण भूक वाढते आणि वजन घटलं की शरीराचा खर्चही कमी होतो. पण पहिल्या महिन्यात वजन का घसरतं याचं उत्तर याच हिशेबात आहे. त्यात चमत्कार नाही आणि 'शरीर शुद्ध होतंय' असंही काही नाही. त्या ३९० कॅलरींबरोबर १४ ग्रॅम प्रथिनंही गेली, हे मात्र वजनकाटा सांगत नाही.

याच वेळी रक्ताच्या तपासण्या करून घ्या: बी१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी). मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर त्याही. हे टाळू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष छापले. ६७ टक्के लोकांत बी१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. ही काही व्हीगन माणसं नव्हती. म्हणजे आपण तळाला गेलेल्या टाकीवरूनच प्रवासाला निघतो. आयुष्यभर मांस खाल्लेल्या माणसाच्या यकृतात काही वर्षं पुरेल इतका बी१२चा साठा असतो. त्याचा भरवसा आपण धरू नये.

वजन कसं मोजायचं

आठवड्यातून तीनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा. तिन्हींची सरासरी वहीत लिहा. पहिल्या पंधरा दिवसांत आकडा दोन्हीकडे हलतो. कडधान्यं आणि भाज्या एकदम वाढल्या की आतड्यात तंतू आणि पाणी जास्त राहतं, पोट फुगल्यासारखं वाटतं आणि काटा अर्धा-एक किलो वर जातो. ती चरबी नव्हे.

त्याबरोबर कंबर मोजा, टेप बेंबीच्या पातळीवर धरून. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. कंबरेवर माझा इतका भर का, ते सांगते. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. अशा शरीराने प्रथिनांवाचून चार किलो घटवले तर आधीच तुटपुंजे असलेले स्नायू आणखी जातात. माझ्या मांड्या थरथरत होत्या त्या याच कारणाने.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो घट ठीक आहे. सलग तीन-चार आठवडे एक किलोहून जास्त घटत असेल तर खाणं वाढवा. मुळात बारीक असाल तर वजन अजिबात घटू द्यायचं नाही, आणि त्याची तजवीज पहिल्या दिवसापासून करायची. कसलाही प्रयत्न नसताना सहा-आठ महिन्यांत वजनाचा विसावा भाग उतरला, तर त्याचं खापर आहारावर न फोडता डॉक्टरांना दाखवा.

पहिले दोन आठवडे: आधी भरा, मग काढा

दूध बंद करण्याआधी दोन आठवडे फक्त डाळी-कडधान्यं वाढवा. या सगळ्या मार्गदर्शकात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, आणि बहुतेक जण तीच वगळतात.

एक प्रयोग करा. रोज कुकरला लावता तेवढी डाळ शिजवण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टाका. आमच्याकडे चौघांत अर्धी वाटी तूरडाळ लागायची. ती ७० ग्रॅम भरली. माणशी साडेसतरा ग्रॅम, म्हणजे प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. 'आम्ही रोज वरण खातो' या वाक्याच्या पोटात एवढंच होतं! आता मी माणशी ३० ग्रॅम घेते आणि वरण घट्ट ठेवते. पातळ आमटी करायची झाली तरी डाळ तेवढीच, पाणी जास्त.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वजन घटवत असाल किंवा वय साठीच्या पुढे असेल तर किलोमागे एक ग्रॅम धरा. माझा सध्याचा दिवस असा भरतो. सकाळी ५० ग्रॅम मूग भिजवून केलेली दोन धिरडी आणि दोन चमचे शेंगदाण्याची चटणी, १५ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ आणि पालेभाजी, १८ ग्रॅम. चार वाजता मूठभर फुटाणे, ५ ग्रॅम. रात्री भात, घट्ट वरण आणि २० ग्रॅम सोयाचंक घातलेली रस्साभाजी, २० ग्रॅम. एकूण ५८.

आता माझ्या तिसऱ्या महिन्यातल्या वहीचं पान पाहा: पोहे, पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी काळा चहा आणि बिस्किटं, रात्री भात आणि पातळ वरण. मोजून २३ ग्रॅम. पदार्थ सगळे साधे, सगळे व्हीगन, आणि पोटही भरायचं.

कडधान्यांनी गॅस होतो ही तक्रार खरी आहे. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, मोड आणा, शिजताना हिंग आणि आलं घाला. सुरुवात मूग आणि मसुरीने करा. छोले, राजमा आणि वाल तिसऱ्या आठवड्यानंतर. पाणी वाढवायला विसरू नका. बहुतेकांचं पोट तीन-चार आठवड्यांत सरावतं.

तिसरा आठवडा: चहा, दही, तूप

चहाने पुष्कळांचा निश्चय मोडतो. सोया दूध उकळत्या चहात घातलं की फाटतं आणि भांड्यात चोथा तरंगतो. तसं होऊ नये म्हणून चहा वेगळा उकळून, गाळून दोन मिनिटं निवू द्या. सोया दूध दुसऱ्या भांड्यात कोमट करा आणि चहा त्यात ओता. उलटं करू नका. आलं कमी घाला. ओटचं दूध कमी फाटतं आणि चवीलाही जवळचं आहे, पण त्यात प्रथिनं कमी. बदामाच्या दुधात तर नावापुरतीच, १०० मिलीत अर्धा ग्रॅमच्या आसपास. सोयात ३ ग्रॅम असतात, म्हणजे गाईच्या दुधाच्या तोडीची. पॅकेटवर आतल्या साखरेचा आकडा वाचा आणि 'कॅल्शियम घातलेलं' असं लिहिलं आहे का पाहा. ते कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून डबा नीट हलवूनच ओता.

दह्याचं म्हणाल तर माझ्या सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "अगं, दहीभात नाही तर जेवण संपलं असं वाटणार कसं?" त्यांचं म्हणणं मला पटलं. शेंगदाण्याचं दही तेव्हापासून आमच्याकडे रुळलं आहे. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, साडेतीन वाट्या पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळा. ते दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळा, तळाला लागतं. बोट सोसेल इतकं कोमट झालं की आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे देठ त्यात टाकून झाकून ठेवा. दहा-बारा तासांत लागतं. पहिलं दही पातळ आणि थोडं उग्र होतं, त्यातलं दोन चमचे विरजण म्हणून दुसऱ्याला लावा. दुसरं छान होतं. तिसऱ्याचं ताक करून त्यात जिरेपूड घालून सासूबाईंना दिलं, त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं. दह्यातलं कॅल्शियम मात्र यात नाही, हे लक्षात ठेवा.

तुपाच्या जागी वनस्पती तूप आणू नका. ते व्हीगन असलं तरी हृदयाच्या हिताचं नाही. गरम भाकरीवर कच्चं शेंगदाणा तेल आणि तिखट, किंवा वरणभातावर तिळाच्या तेलाचे चार थेंब, ही जुनी चव पुन्हा आवडायला लागते.

बाजारातून आणताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, त्यात दूध चालतं. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं वेगळं हिरवं चिन्ह आहे, इंग्रजी व्ही आणि त्याला पान. ते नसेल तर घटकांची यादी वाचा. दूध पावडर, व्हे आणि केसिनेट (दोन्ही दुधातूनच काढलेले) हे शब्द बिस्किटांत, नमकीनच्या मसाल्यात आणि 'नॉन-डेअरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चहाच्या पावडरीतही सापडतात.

वजन वाढत असेल तर

व्हीगन होऊन वजन वाढलेले लोक कमी नाहीत. वडापाव, कांदाभजी, फरसाण, बटाटा वेफर्स, तिखट तर्री सुटलेली मिसळ हे सगळं दुधावाचूनच होतं. त्यात दुधाची उणीव भरायला काजूची ग्रेव्ही आणि घट्ट नारळाचं दूध येतं. ३० ग्रॅम काजू म्हणजे १७५ कॅलरी. १०० मिली घट्ट नारळाचं दूध २०० च्या वर. एक छोटा चमचा तेल ४५, आणि फोडणीत चमचे मोजतो कोण?

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतीजन्य आहार आणि दोन आठवडे प्राणिजन्य कीटो आहार (चरबी भरपूर, पिष्ट-साखर अगदी कमी) दिला, दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा. २०२१ साली छापलेल्या निष्कर्षांत वनस्पतीजन्य आहारावर लोकांनी दिवसाला जवळजवळ ६९० कॅलरी कमी खाल्ल्या, कुणी अडवलं नसताना. पण ते ताट भाज्या, कडधान्यं आणि फळांनी भरलेलं होतं आणि तेल नावालाच होतं. व्हीगन या शब्दाने वजन उतरत नाही. तंतू आणि पाणी जास्त, तेल कमी असलेल्या ताटाने उतरतं.

म्हणून महिन्याचं तेल माणशी अर्धा किलोवर आणा. पिशवी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहायची, म्हणजे कळतं. तळण आठवड्यातून एकदा. शेंगदाणे, तीळ आणि खोबरं हवेतच, पण तिन्ही मिळून दिवसाला मूठभर.

उपवासाचा वेगळा विचार करा. दूध-दही वजा केलं की उपवासाच्या ताटात साबुदाणा आणि बटाटा उरतो, म्हणजे नुसता स्टार्च. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा गुळातला राजगिरा लाडू घ्या. राजगिऱ्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही चांगली.

वजन घटत असेल आणि थांबवायचं असेल तर

तंतूंनी पोट लवकर भरतं आणि बारीक माणसाची तिथेच पंचाईत होते. त्यांनी उलट करावं: भाकरीवर दाण्याचा कूट आणि तेल, रोज तिळाचा किंवा अळिवाचा लाडू (तुपावाचून, गूळ-खोबऱ्यात), सोया दुधात केळं आणि खजूर, जेवणाआधीच्या सॅलडला सुट्टी. दिवसाला ३०० कॅलरी यातून सहज वाढतात.

दोन्ही बाजूंच्या लोकांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना काम द्यावं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून जोर, जमलं तर बैठका. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत.

गोळी कुठे घ्यायची, ताटातून काय मिळवायचं

बी१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, म्हणून ते गोळीतूनच. इथे तडजोड नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं बहुतांश बी१२ आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही, इडलीच्या आंबवलेल्या पिठावरही भरवसा ठेवता येत नाही. इंग्लंडमधल्या व्हीगन सोसायटीचा सल्ला असा: रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅम. गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना एवढं का? कारण एका वेळी शरीर दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, त्यापुढच्या भागातला जेमतेम एक टक्का. तपासणीत आधीच कमी असेल तर हा डोस पुरणार नाही, इंजेक्शन की मोठी गोळी ते डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी अधिक जपावं, त्याने बी१२ आणखी खाली जातं. हातापायाला मुंग्या, तोल जाणं, जीभ लाल होणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका. मज्जातंतूंचं नुकसान भरून येतंच असं नाही.

कॅल्शियम दिवसाला १,००० मिलिग्रॅम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून एका वेळच्या भाकऱ्या नाचणीच्या करा. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, न सोललेल्या तिळाची चटणी आणि कॅल्शियम लावून जमवलेला टोफू (सोयाचं पनीर) रोज आलटून-पालटून घ्या. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्यातल्या ऑक्झॅलेट या घटकामुळे अंगी लागतं फार थोडं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे ५५ हजार लोकांचा बरीच वर्षं मागोवा घेतला. २०२० साली छापलेल्या निष्कर्षांत व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहारी लोकांपेक्षा ४३ टक्के जास्त आढळलं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी त्यातला काही भाग उलगडतो, सगळा नाही. हे वाचल्यापासून मी नाचणी चुकवलेली नाही.

ड जीवनसत्त्व कमी निघालं तर डॉक्टर बहुधा आठवड्याची ६० हजार युनिटची पुडी देतात. त्यातलं डी३ साधारणतः मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. शेवाळ-दगडफुलाच्या जातीपासून बनवलेलं डी३ किंवा डी२ मागता येतं. नाही मिळालं तर मिळेल ते घ्या, हाडं महत्त्वाची.

लोहासाठी जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. या दोन सवयींनी तेच जेवण अधिक लोह देतं. मीठ आयोडीनयुक्तच वापरा, सैंधवावर जाऊ नका. ओमेगा-३ या चांगल्या चरबीसाठी जवस भाजून कुटून चटणी करा. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं.

कोणी आधी विचारावं

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आहार बदलल्यावर साखर अचानक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळीचंही तसंच. बदलाच्या आधी डॉक्टरांना सांगा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती रिकाम्या पोटी, आणि सोया किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी-सुकामेवा स्वतःच्या मनाने वाढवू नये. गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, लहान मुलं यांच्या बाबतीत आहारतज्ज्ञाशिवाय पाऊल टाकू नये.

तीन महिन्यांनी

त्याच प्रयोगशाळेत त्याच तपासण्या पुन्हा करा आणि अहवाल वहीत शेजारी चिकटवा. बी१२ वर आलं नसेल तर गोळी नियमित घेतली का ते आधी बघा. फेरिटिन घसरलं असेल तर चहाची वेळ आणि लिंबू. वजन हवं तिथे, पण कंबर तेवढीच असेल तर तेल कमी आणि बैठका सुरू. माझ्या दुसऱ्या वहीच्या पानावर वजन ६३.५ आहे, पहिल्या घसरणीपेक्षा दीड किलो जास्त. कंबर तीन सेंटिमीटर कमी. दोन जिने मी हातात भाजीची पिशवी घेऊन चढते.